बाळ्या कोणी घेतल्या?

हरिचंद्र त्या दिवशी सोनं घ्यायला निघालाच नव्हता. तो निघाला होता पडद्याचं कापड आणायला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्यानं स्वतः हे इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलं, की शेवटी पडद्यांचाच लोकांना संशय येऊ लागला. (पडदे आजही खिडकीला आहेत. हिरवे. बायकोनं निळे सांगितले होते.)

एप्रिल संपत आला होता. उल्हासनगरात कापड स्वस्त म्हणून हा अंबरनाथजवळच्या मोरिवलीहून तिथवर गेला, घासाघीस न करताच कापड घेतलं आणि काखेत मारून रिक्षा शोधू लागला. ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. आणि समोर ते नवं शोरूम होतं. सगळं काचेचं. आत पांढरा उजेड, बाहेर पाटीवर सोळा शहरांची नावं आणि दाराशी फेटा बांधलेला दरवान. दार उघडलं की आतला गार वारा फुटपाथपर्यंत यायचा. हरिचंद्रानं ठरवलं, पाच मिनिटं आत उभं राहू, बघितल्यासारखं करू आणि निघू. एवढाच काय तो निर्णय. माणसाची वाट लागायला याहून मोठा लागत नाही.

आता हरिचंद्र कसा माणूस, ते सांगायला हवं. मोरिवलीत जिथं त्याच्या आज्याचं भात पिकायचं तिथं आता रंगाची फॅक्टरी आहे, आणि त्या फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात हा कारकून. स्वभावानं अत्यंत भिडस्त. याला 'नाही' म्हणता येत नाही. त्यामुळे घरात विम्याच्या पॉलिसी नको तितक्या, छत्र्या माणसांपेक्षा जास्त, आणि दर महिन्याला टपालानं येणारं पशुपालनाचं एक मासिक. (घरात पशू म्हणाल तर एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं.) भीड भिकेची बहीण म्हणतात, ती याच्या घरी कायमची राहायला आली होती.

तर दरवानानं या गृहस्थाला कडक सलाम ठोकला. फॅक्टरीच्या गेटवरचा वॉचमन फक्त मोटारींना सलाम करायचा. हरिचंद्र इतका गडबडला की त्यानंही उलट सलाम केला. आत एका मुलीनं 'वेलकम सर' म्हणत उंच ग्लासातून गुलाबाचं सरबत पुढं केलं. ते त्यानं एका दमात प्यायलं आणि तिथंच त्याचं स्वातंत्र्य संपलं. सरबत पिऊन, नुसता गार वारा खाऊन बाहेर पडणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

“किसके लिए देख रहे हैं सर?” मुलीनं विचारलं.

खरं तर 'कोणासाठी नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण भिडेपोटी माणूस खोटं तरी बोलतो नाही तर नको तितकं खरं तरी. हरिचंद्रानं सगळं सांगितलं. मुलगी उन्नती बाळंतपणाला आली आहे, नात झाली आहे, येत्या रविवारी तिचे कान टोचायचे आहेत आणि त्यांच्या घरच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळ्या आजोळच्या असतात. मुलीनं मखमलीचा ट्रे आणला. त्यातल्या एका जोडीवर हरिचंद्राचा जीव बसला. म्हणायच्या बाळ्या, पण इवलंसं फूल, मध्ये तांबडा खडा, मागं फिरकी. मग तिनं बाळ्या एका मशीनमध्ये ठेवल्या, पडद्यावर सोन्याची शुद्धता उमटली, आणि ती म्हणाली की लोकल ज्वेलरकडे असलं मशीन कुठं असतं. हरिचंद्र म्हणाला, “नाही, नसतं.” सोन्यावर संशय घ्यायचा असतो हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

आणि ते म्हणताना त्याला चिंतामणी आठवला.

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळच्या गल्लीत चिंतामणी सोनाराचं दुकान होतं. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर बसली तर गुडघ्याला गुडघा लागायचा. हरिचंद्राचे स्वतःचे कान चिंतामणीनं टोचले होते, तेव्हा तो नुकताच बापाच्या हाताखाली शिकत होता. (डाव्या कानाचं भोक जरा खाली आहे ते त्यामुळेच.) पुढं उन्नतीचे टोचले, भावकीतल्या सगळ्या पोरांचे टोचले. म्हातारा झाला तरी त्याचा हात हलका होता. त्यानं टोचलं की पोर रडायचं आणि गूळ तोंडात पडायच्या आत विसरायचं. चिंतामणी त्यांच्या घरी कधी सोनार म्हणून आला नाही, घरचा म्हणूनच आला. आणि नातीच्या बाळ्यांचं तुळशी, म्हणजे हरिचंद्राची बायको, त्याला परवाच बोलून आली होती. हरिचंद्रानं जाऊन फक्त पसंती सांगायची राहिली होती.

हे सगळं आठवूनही त्यानं कार्ड घासलं. डबी, डबीवर रेशमी फीत, फितीवर पिशवी, पिशवीत हमीपत्र. बाहेर पडताना दरवानानं पुन्हा सलाम केला. या खेपेला हरिचंद्रानं नुसती मान हलवली, कारण एव्हाना त्याला सवय झाली होती.

घरी तुळशीनं डबी उघडली आणि तिचा चेहरा फुलला. “चांगल्या हायत,” ती म्हणाली. मग तो फुललेला चेहरा हळूहळू मिटला. “पन चिंतामणीदादाला कं सांगाल?”

हरिचंद्र म्हणाला, सांगायचं काय त्यात. आजकाल लोक शोरूममध्ये जातात. तिथं मशीन असतं.

“मशीन कान टोचतं कं?”

हा प्रश्न शोरूममध्ये कोणाच्या डोक्यात आला नव्हता. जावई कमलेश नेमका आलेला होता. तो बदलापूरला मोबाईलच्या दुकानात होता आणि फोनवरून जगातलं सगळं होतं अशी त्याची श्रद्धा होती. त्यानं हमीपत्रावरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ सनई वाजली. मग एका गोड आवाजानं सांगितलं, “सर, पिअर्सिंग हमारे यहाँ नहीं होता. ऊपर फर्स्ट फ्लोअर पे पार्लर है, वो लोग गन से कर देंगे. एक सेकंद का काम है.”

“बंदुकीनं?” तुळशी म्हणाली. “पोरीला कं सेलची चिठ्ठी लावायची हाय?”

तिथं तो विषय संपला. सोनारानेच कान टोचावे लागतात ही म्हण लोक एरवी दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतात. तुळशीनं ती सरळ अर्थानं वापरली आणि नवऱ्याला चपला घालायला लावल्या. चिंतामणीदादाला खरं काय ते सांगा, हात जोडा, आणि रविवारचं बोलावणं करून या, असं बजावलं. म्हातारा दोन शब्द बोलेल, ऐकून घ्या. हरिचंद्र हो म्हणाला. तो हो म्हणणारच.

दुकानात चिंतामणी एकटाच होता. लाइट गेलेली, दाराशी ओढलेल्या पाटावर बसून तो उजेडात काहीतरी घासत होता. हरिचंद्राला पाहून त्याचं तोंड हसलं.

“ये हरी. तुझीच वाट बघत होतो. तार ओढून ठेवलीय बघ पोरीसाठी, केसासारखी. आता बाळ्यांचं सांग. साध्या करू, का बारीक घुंगरू लावू?”

हरिचंद्रानं रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं. 'दादा, माझी चूक झाली.' चारच शब्द. ते घशापर्यंत आलेही. पण समोर म्हाताऱ्यानं ती तार बोटावर धरून दाखवली, आणि भिडेनं मधेच तोंड घातलं.

“बाळ्या आल्या दादा,” तो म्हणाला.

“आल्या? कुठनं आल्या?”

“व्याह्यांनी घेतल्या. बदलापूरच्या.”

“अरे, पण पहिल्या बाळ्या आजोळच्या ना?”

“हो, पण त्यांचा फार आग्रह.” एकदा बोलायला लागल्यावर हरिचंद्राची जीभ बरी चालली. “उन्नतीच्या सासूबाई, मोतीबाई. ऐकेचनात. शोरूममधून घेऊन आल्या.”

चिंतामणीनं तार पुन्हा कागदात गुंडाळली. मग म्हणाला, “असू दे. त्यांची पण नातच आहे. आणि त्यांना काय ठाऊक इथं मी बसलोय ते.” आणि मग, अगदी सहज, “तू गेला असतास शोरूमला, तर मात्र मला लागलं असतं हरी.”

यावर हरिचंद्राला ठसका लागला. म्हाताऱ्यानं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, समोरच्या टपरीवरून चहा मागवला. तो चहा पिताना हरिचंद्राला जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही. नंतर कित्येक वेळा तो म्हणे, त्या चहाच्या आधी जरी खरं बोललो असतो तरी चाललं असतं. चहाच्या नंतरही चाललं असतं. पण तो बोलला नाही. म्हातारा रविवारी येतो म्हणाला, आणि हा निघाला.

खोटं बोलताना त्याचा विचार असा होता, की चिंतामणी राहतो अंबरनाथला, मोतीबाई बदलापूरला, दोघांची गाठ पडायचं कारणच नाही. स्टेशनचा पूल चढता चढता त्याच्या लक्षात आलं, की दोघांची गाठ पडायचं जगात जर एक ठिकाण असेल तर ते म्हणजे या नातीचं कान टोचणं. कोण कधी कुठं हजर असेल याची नोंद ठेवण्याचा पगार हा माणूस बावीस वर्षं घेत होता. पुलावर तो कठड्याला धरून उभा राहिला आणि लोक त्याला डावीउजवीकडून ढकलत गेले.

मग सुरू झाली निस्तरानिस्तर. तुळशीला त्यानं एवढंच सांगितलं, दादा येतायत, काही बोलले नाहीत. तुळशीला वाटलं, म्हाताऱ्यानं मोठ्या मनानं पोटात घातलं. ती गहिवरली आणि त्याच्यासाठी नवा टॉवेल-टोपी आणायला गेली. इकडं हरिचंद्रानं कमलेशला बाजूला घेऊन सुचवलं, की ऊन फार आहे, आईंना एवढ्या लांब कशाला त्रास, आपण नंतर पेढे घेऊन येऊ.

कमलेशनं हे आईला शब्दशः सांगितलं. मोतीबाई ठसठशीत बाई होती. नवऱ्यामागं तिनं शेती, जमीन आणि दोन दीर सांभाळले होते. “मना येव नको बोलतात?” ती म्हणाली. एरवी ती एकटीच येणार होती. आता ती जीप करून आली, बरोबर जावा, नणंदा आणि भाच्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं तर घोडं यानंच बोलावून घेतलं होतं.

रविवारी सकाळी ओसरीवर सतरंजी टाकली होती. मधोमध ताटात तांदूळ, त्यावर सुपारी, नारळ, गूळ. शोरूमची डबी हरिचंद्रानं कपाटात कपड्यांच्या मागं सारली होती. म्हटलं, चिंतामणी गेल्यावर काढू. तुळशीनं ती शोधून काढली आणि ताटात सगळ्यांना दिसेल अशी उघडी मांडली. का नाही मांडणार? आजोळचा मान होता तो. तुळशी गरिबाघरची. उन्नतीच्या लग्नात विहीणबाईंच्या बाजूनं आलेल्या सोन्यापुढं आपलं सोनं कमी दिसलं, हे तिच्या मनात सलत होतं. या बाळ्यांवर तिनं फार भिस्त ठेवली होती. बाळ्या कुठनं का येईनात, त्या आजोळच्या होत्या, आणि आज ते चारचौघांत दिसणार होतं. हरिचंद्राला हे माहीत होतं. म्हणूनच तर त्यानं शोरूममध्ये नेमकी चांगली जोडी उचलली होती, आणि म्हणूनच त्याला आता घाम फुटला होता.

उन्नतीला भाऊ नाही, म्हणून नातीला मांडीवर घ्यायचा मान आजोबाचा. म्हणजे ज्या क्षणी हरिचंद्राला उठून पळावंसं वाटत होतं, त्याच क्षणी त्याला मांडी घालून, पोरीचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरून बसवलं होतं. डोळ्यानं खुणा कराव्यात तर चष्मा नाकावरून घसरलेला, आणि तो वर सारायला हात मोकळा नाही.

चिंतामणीनं पोरीच्या कानाच्या पाळीवर शाईचा ठिपका दिला. मागं जाऊन पाहिलं, पुढं येऊन पाहिलं. मग तिच्याशी काहीबाही बडबडत, तिला समजायच्या आत डाव्या कानात तार घातली आणि वळवून टाकली. पोरगी एकदाच किंचाळली. उन्नतीनं गूळ चाटवला आणि ती गप्प झाली. बायकांत कुजबूज झाली. मोतीबाई तर पुढं सरकून बघायलाच लागली; तिच्या घरची पोरं टोचून घेताना दिवसभर भोकाड पसरायची.

“हात हलका हाय हो तुमचा,” ती चिंतामणीला म्हणाली.

“हात काय, सवयीचा आहे,” चिंतामणी म्हणाला. आणि दुसरी तार उचलता उचलता, माणसानं चार बरे शब्द बोलावेत म्हणून, “तुम्ही मोतीबाई ना? बाळ्या छान घेतल्यात हो तुम्ही.”

मोतीबाईनं ताटाकडं पाहिलं. “मी?”

“हरी सांगत होता. आग्रह करून घेतल्यात म्हणे.”

मोतीबाईनं हरिचंद्राकडं पाहिलं. हरिचंद्र नातीच्या टाळूकडं पाहत होता. मोतीबाई व्यवहाराची बाई. चालत आलेला मान परत पाठवू नये हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिनं पदर सारखा केला. “आता घेतल्या म्हंजे... नात हाय आमची,” ती म्हणाली, आणि तिच्या जावांनी एकमेकींकडं बघून माना हलवल्या. बाळ्यासुद्धा आपल्याच बाजूनं आल्या, हे त्या माना हलवण्यात स्पष्ट दिसत होतं.

नेमकी तेव्हा तुळशी वाटीत हळद-तेल घेऊन उंबऱ्यात आली होती.

“कोनी घेतल्या बाल्या?” तिनं विचारलं.

एका जावेनं मोतीबाईकडं बोट केलं.

“विहीनबाई, बाल्या आमचे ह्यांनी आनल्यात. ह्या रविवारी टोचायचं म्हून उल्हासनगरशी, शोरूममधशी. कार्डाचा कागद हाय घरान.” मग ती चिंतामणीकडं वळली. “दादा, तुमाला सांगितलंय ना ह्यांनी समदं?”

चिंतामणीचा हात थांबला. दुसरी तार त्याच्या चिमटीत होती. त्यानं चष्म्यावरून हरिचंद्राकडं पाहिलं, आणि हरिचंद्राला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते पुरतं समजलं. हात मोकळे असते तर त्यानं कान पकडले असते. पण हातात नातीचं डोकं होतं, आणि तिचा एक कान टोचलेला होता आणि एक कोरा होता.

म्हातारा उठून गेला असता तर कोणी त्याला नाव ठेवलं नसतं, आणि पोरगी एका कानाची राहिली असती. तुळशीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते बाळ्यांच्या मानासाठी होतं, का म्हाताऱ्यासाठी, का असला नवरा पदरी पडला म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“शोरूमला गेलास, त्याचं काही नाही,” चिंतामणी शेवटी म्हणाला. आवाज हळूच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “मला त्या दिवशी वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागलं ते. पण माझ्या दुकानात बसून, माझा चहा पिऊन खोटं बोललास. मी काय खाल्लं असतं का तुला?”

हरिचंद्राचे ओठ हलले. 'दादा, माझी चूक झाली' हे चार शब्द तेव्हा निघाले, पण इतके बारीक, की ते फक्त मांडीवरच्या नातीनं ऐकले असतील.

“धर नीट तिला,” चिंतामणी म्हणाला. “एका कानावर सोडून उठायची आमच्यात रीत नाही.”

त्यानं उजवा कान टोचला. पोरगी या खेपेला रडलीसुद्धा नाही. हळद-तेल लावलं. मग त्यानं ताटातल्या बाळ्या उचलून उजेडात धरल्या. आता हा काय खोट काढतो म्हणून सगळे बघत राहिले. हरिचंद्राला तर वाटलं, काढावी. दोन शिव्या द्याव्यात, बाळ्या भिंतीवर फेकाव्यात, म्हणजे निदान फिटेल.

“सोनं चोख आहे,” चिंतामणी म्हणाला. “काम पण सुबक. फक्त दांडी जाड आहे, मोठ्या पोरीची. ही शाळेत जायला लागेपर्यंत डबीत राहू द्या.” बाळ्या त्यानं होत्या तशा परत ठेवल्या. नारळ घेतला, तुळशीनं दिलेला टॉवेल-टोपी कपाळाला लावून घेतला. चहा मात्र नको म्हणाला, ऊन व्हायच्या आत पोचतो म्हणाला. हरिचंद्र मागं मागं रिक्षापर्यंत गेला. काही बोलायचा प्रयत्न केला. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रिक्षात बसताना म्हणाला, “येतो. पोरीला जपा, कानाला पाणी लागू देऊ नका.”

'जपा.' 'देऊ नका.' जन्मभर चिंतामणीनं त्याला अरे-तुरे केलं होतं. 'तुम्ही' म्हटल्यावर आत तुटलेला मोरिवलीतला हा पहिलाच माणूस असेल. रिक्षा वळली तरी तो नाक्यावर उभा होता.

घरी तुळशी त्याच्याशी बोलत नव्हती. बोलली तेव्हा एकच वाक्य बोलली. “तुमाला लाज वाटली तवा बाल्या त्यांच्या झाल्या, न् मना अभिमान वाटला तवा मी तुमच्या सांगितल्या.” मोतीबाईनं निघताना व्याह्याला समजुतीच्या सुरात सांगितलं, की एवढं मनाला लावून घेऊ नका, बाळ्या आमच्या नावावर राहिल्या तरी आमची हरकत नाही. आणि राहिल्याच. बदलापूरकडच्या सगळ्या सोयऱ्यांत आजही त्या बाळ्या मोतीबाईनं नातीला घेतलेल्या बाळ्या आहेत. ज्या जावा त्या दिवशी समोर बसल्या होत्या त्यासुद्धा असंच सांगतात.

हरिचंद्र नंतर दुकानावरून बरेचदा गेला. कधी आत शिरला, कधी नाही. शिरला की चिंतामणी 'या, बसा' म्हणायचा, चहा विचारायचा, नातीचं विचारायचा. राग असता तर बरं झालं असतं; रागाची समजूत घालता येते. त्याला वाटे, आपण ते सरबत प्यायलो नसतो तर. मग वाटे, सरबताचं काय, चहाचं काय, आपल्याला वेळेवर तोंड उघडता आलं असतं तर. पन्नाशी उलटल्यावर माणसाला स्वतःबद्दल नवं काही कळू नये. कळलं तर ते सहसा बरं नसतं.

मोतीबाईला मात्र त्या रविवारचा विसर पडला नव्हता. म्हणजे हलका हात आठवत होता. पुढच्याच महिन्यात ती आपली जुनी ठुशी घेऊन चिंतामणीकडं गेली. काम पसंत पडलं. मग जावा गेल्या, नणंदा गेल्या, भाच्यांची लग्नं ठरली तेव्हा सगळं बदलापूर त्या गल्लीत लोटलं. ज्या दुकानात दोन माणसांचे गुडघे एकमेकांना लागायचे तिथं आता बाहेर बाकडं टाकावं लागलं, आणि म्हाताऱ्याचा उतारवयात धंदा वाढला. हरिचंद्राला याचा आनंद झाला. खरोखर झाला. निदान एवढं तरी आपल्या हातून चांगलं घडलं, असं तो तुळशीला म्हणालाही. तुळशीनं भाजी चिरता चिरता त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

दिवाळीच्या तोंडावर तुळशीचं मंगळसूत्र वाढलं. हरिचंद्र ते रुमालात बांधून घेऊन गेला. दुकानाबाहेर बाकड्यावर बायकाच बायका. त्याला पाहून चिंतामणीनं आतून हात केला, 'या, आत या' म्हणाला आणि स्वतःजवळच्या पाटाकडं बोट दाखवलं. हरिचंद्राला भरून आलं. कितीतरी दिवसांनी म्हाताऱ्यानं त्याला रांग मोडून आत घेतलं होतं. तो चपला काढून, बायकांच्या पिशव्या ओलांडत आत गेला आणि पाटावर बसला.

बाकड्यावरची एक बाई उठून दारात आली. “दादा, आमी कवाच्या बसलोय. ह्यो बाबा कोन मधीच?”

चिंतामणीनं रुमाल सोडला, मंगळसूत्र हातात घेऊन तुटलेली कडी शोधली आणि मान वर न करता म्हणाला,

“बसू द्या त्यांना. परके नाहीत ते. आपल्या मोतीबाईंचे व्याही आहेत.”